चुन्याच्या खुणेची फरशी

आमच्या शेजारच्या बाई मी शिकवायची त्याच शाळेत शिकवायच्या. आदिलाबादेतल्या आमच्या गल्लीत वजनकाटा होता तो फक्त त्यांच्याकडे. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, बांगड्या आणि घड्याळ काढून त्या काट्यावर चढायच्या. काटा नेहमी एकाच फरशीवर. तिला चुन्याची खूणच करून ठेवली होती. सुई वर्षानुवर्षं त्याच आकड्यावर थांबायची आणि माझा जीव जळायचा. लेकरं त्यांना दोन, मलाही दोन. ज्वारीची भाकर दोन्ही घरी. मग मीच काऊन फुगत होते? अर्थात, त्यांच्या काट्यावर वजन करायला मी कधी जेवून जायची, कधी बाजारातून, पिशवी खांद्यालाच ठेवून.

शेवटी मी हैदराबादहून स्वतःचा काटा मागवला. घरात सतरंजी अंथरलेली होती, तिच्यावरच ठेवला. त्यानं मला एकदम चार किलोंनी हलकं केलं! मी धावत जाऊन बाईंना घेऊन आले.

"पाहा बाई, तुमचा काटा जास्तीचं दाखवून राह्यला."

त्यांनी बांगड्या काढल्या, घड्याळ काढलं आणि चढल्या. त्यासुद्धा बरोबर चार किलोंनी उतरल्या. क्षणभर त्यांनी सतरंजीकडे पाहिलं.

"चांगला हाय ताई तुमचा काटा," त्या म्हणाल्या. "फक्त रोज इथंच ठेवजा, जागा बदलू नका."

त्या हसल्यासुद्धा नाहीत, ते जास्त लागलं. मऊ सतरंजीवर माझा काटा खोटं बोलत होता, पण दोघींशी सारखंच; आमच्यातला फरक तेवढाच ठेवून तरीही त्यानं त्यांचीच बाजू घेतली.