फणसाच्या कादंबरीचे तीन तुकडे

"बाई, ही कादंबरी आजच्या आज निर्लेखनात टाका!"

नाना टेबलासमोर उभे. निर्लेखन म्हणजे पुस्तक रजिस्टरातून कायमचं काढणं. ते वाळवी लागलेल्या पुस्तकांसाठी असतं. ही तर कोरी करकरीत. समितीच्या चार मीटिंगांत हट्ट धरून मी मागवलेली. ती गेली असती, तर पुढची दहा वर्षं मला फक्त पाककृतींची पुस्तकं मिळाली असती.

नाना आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, मी ग्रंथपाल. शहापूर तालुक्यातल्या आमच्या छोट्याशा गावात अध्यक्ष म्हणजे सुप्रीम कोर्ट.

"झालं काय, नाना?"

"सासू-सुनेचं बोलनं बंद झालंय. या पुस्तकापायी!"

कादंबरीत अंगणातला फणस कुणीतरी तोडतं. ती हकीकत आधी सासू आपल्या बाजूने सांगते, मग सून, मग मुलगा. पुस्तक चांगलं उशीएवढं जाड. असं पुस्तक एकानेच अडवलं की बाकीचे माझ्या डोक्यावर बसतात. म्हणून मी मुरबाडच्या बाइंडरकडून त्याचे तीन सुटे भाग बांधून घेतले. सासू एकात, सून दुसऱ्यात, मुलगा तिसऱ्यात. तीन वाचक एकदम खूश! मी स्वतः पहिलाच भाग वाचला होता आणि सासूसाठी दोनदा रडले होते.

देवघेवीचं रजिस्टर उघडलं. भाग एक नानांच्या बायकोकडे, म्हणजे काकींकडे. भाग दोन त्यांच्या सुनेकडे. मी रजिस्टर मिटलं.

"ही म्हनते सुनेनं तोडला, सून म्हनते म्हातारीनं," नाना म्हणाले. "आमच्या दारात फनस पन नाय, बाई!"

"आठ दिवस द्या."

मी त्यांच्या घरी जाऊन दोघींचे भाग बदलले.

"तिचं रडगानं मी कशाला वाचू गो?" काकी.

"वाचा तर. खोटं कुठे बोलते ते सापडेल."

सुनेलाही हेच सांगितलं. खोटं शोधायचं म्हटल्यावर दोघींनी एक ओळ सोडली नाही.

आठ दिवसांनी नाना पुन्हा हजर.

"मिटलं?"

"मिटलं. आता ही म्हनते बिचारी सून, सून म्हनते बिचारी सासू. नि दोघी मिळून माज्यावर उठल्यात. म्हनतात, तो पोरगा भांडन बघून गप बसला, तुमी पन तसेच!"

मी भाग तीन त्यांच्या हातात ठेवला. तीन दिवसांनी परत आणला तेव्हा नानांचे डोळे ओले होते.

"खरं बोलतो तो एकटाच. त्याला कुनी विचारलंच नाय." निर्लेखनाचं नाव त्यांनी काढलं नाही. दारातून मात्र वळले. "पन बाई, फनस तोडला कुनी?"

त्या रविवारी मी तिन्ही भाग सलग वाचले. लेखकाने सांगितलेलंच नाही! भाषा अशी गोड की पान संपू नये वाटतं, आणि शेवट असा की पुस्तक भिरकावून द्यावं. आवडली की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिन्ही भाग पुन्हा एकत्र शिवून घेतले. एक धडा मिळाला. कादंबरीचे तुकडे करायचेच तर पानं मोजून करावेत, माणसं मोजून नव्हे.

शिवलेली प्रत सगळ्यात आधी नानांच्या घरी गेली. त्याला तीन महिने झाले. रोज जेवणं झाली की काकी मोठ्याने वाचतात, सून मध्येच अडवते आणि नाना दोघींना गप्प करतात म्हणे. मुदत कधीच उलटली आहे. पण अध्यक्षांना नोटीस कशी पाठवायची, ते आम्हाला ग्रंथपालाच्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.