येळवशीचं पहिलं ताट

माझं डोकं तापट. तामलवाडीत कुणालाही विचारा, धनाजी कसा, तर आधी कपाळाला हात लावतील. एसटीवर ड्रायव्हरकी करून रिटायर झालो, स्टेअरिंग सुटलं, तोंड काही सुटलं नाही. अशा माणसाशी आजवर निभावलं ते एकट्या वैनीनं. माझ्या थोरल्या भावाची बायको, गावाची शांताक्का. भाऊ गेल्यावर शेत तिनंच ओढलं, आणि मलाही.

वैनी देवाचं करते, पण तिची तऱ्हा न्यारी. सकाळी महादेवापुढं दिवा लावायचा आणि त्याला गावाची खबर द्यायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं अंग तापलंय, कुणाच्या घरात धुसफूस चाललीय. मागणं एक नाही. एकदा मी म्हणालो, "वैनी, कधीतरी काही मागा की त्याला."

"त्याला काय दिसत न्हाय व्हय, भावजी? म्या सांगते ते माझ्याच ध्यानात ऱ्हावं म्हणून. देवापुढं नाव घेतलं की मग गप बसवत न्हाय."

आणि खरंच बसत नसे. ज्याचं अंग तापलंय त्याच्याकडं दुपारी पेज घेऊन हजर. मी सोमवारचा उपास करायचो आणि भुकेनं दिवसभर दिसेल त्याच्यावर खेकसायचो. एका सोमवारी तिनं माझ्यापुढं भाकरी आणून आदळली. म्हणाली, "खा, आन लोकांना सुखानं जगू द्या. महादेवाला त्यातच लई पुण्य दिसंल." तेव्हापासून मी सोमवारी जेवतो. बायको म्हणते, बरं झालं.

आता मोनिकाचं सांगतो, कारण वैनी काय चीज आहे ते मला त्यात कळलं.

मोनिका वैनीची सून, समर्थची बायको. पोरगी गुणाची, हसरी, हाताला चव. तिचा बाप वीरप्पा अक्कलकोटच्या अंगाचा शेतकरी, रीतीला पक्का. नातवंड मांडीवर आल्याबिगर लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही जुनी रीत. आता कोण पाळतंय? वीरप्पा पाळायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही. बाप यायचा, लेकीला शेंगा आणायचा, चिंच आणायचा, आणि दुपार झाली की अंगणातल्या लिंबाखाली बसून फडक्यातली स्वतःची भाकरी सोडायचा. मोनिका दारातनं बघत उभी राहायची. तिनं केलेला चहा निवून जायचा.

एकदा तो गेल्यावर ती चुलीपुढं बसून रडली. "लेकरू काय माझ्या हातात हाय का? अप्पा थकलेत. माझ्या हातचं खायच्या आधीच त्यांचं काय बरंवाईट झालं तर म्या काय करू?"

माझं टाळकं सरकलं. म्हणालो, "थांब, आत्ता मोटारसायकल काढतो आणि वीरप्पाला चार शब्द सुनावूनच येतो."

वैनीनं मला खाली बसवलं. मग म्हणाली, "माझा बाप पण असाच यायचा. समर्थ उशिरा झाला. तवर बाप गेला. माझ्या दारातनं पाण्याबिगर तान्हेला उठून गेला, भावजी, ते अजून सलतं." एवढ्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. माझा राग कुठल्या कुठं गेला. मग ती डोळे पुसून म्हणाली, "पर वीरप्पाअण्णाला बोलायचं न्हाय. त्यो काय वाईट हाय व्हय? त्येला वाटतं, रीत पाळली तर लेकीचं भलं हुईल. मायेनंच अडून बसलाय. माणसाची मान खाली न घालता त्येला वळवता आलं पायजे."

पुढं मार्गशीर्षातली अमावस्या आली, आमची येळवस. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात. ज्वारीच्या रानात कडब्याची कोपी उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून लक्ष्मी पुजायची, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, ताकातली आंबील, वाटेनं जाईल त्याला हाक मारून वाढायचं.

वैनीनं व्याह्याला फोन लावला. "अण्णा, येळवसला या. यंदा ज्वारी बघण्यासारखी आलीय."

"येतो अक्का. पर जेवायचं काढू नका."

"घरी चलाच म्हणत न्हाय. सरळ रानात या."

तो आला. पूजा झाली. आता आंबिलीचं मडकं घेऊन कुणीतरी पिकाला फेरी घालायची, ज्वारीच्या पाल्यानं शिंपडत, "ओलगे ओलगे सालम पोलगे" असं ओरडत. हे काम दरसाल माझं. मी धोतर खोचून पुढं झालो, तर वैनीनं मडकं उचलून वीरप्पाच्या हातात दिलं.

"यंदा अण्णा फिरतील. भावजींचा आवाज बसलाय."

माझा आवाज आख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. मी तिथंच तोंड उघडणार होतो, पण तिनं असं बघितलं की मी बांधावर जाऊन फुगून बसलो. पाहुण्यारावळ्यांत माझा मान काढून घेतला, दुसरं काय?

वीरप्पा मात्र खुलला. असलं काम कुठला शेतकरी सोडंल? काय तो आवाज, काय तो तोरा. ज्वारीतनं नुसता पटका हलताना दिसत होता. फेरी घालून घामाघूम होऊन कोपीपुढं आला, तर सगळी माणसं रांगेत बसलेली, ताटं वाढलेली, आणि कुणी हात घालत नाही. आमच्या शेताची रीत अशी की फेरी घालणाऱ्यानं पहिला घास घ्यायचा, तोवर बाकीचे उपाशी.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि वीरप्पाच्याही. त्याचा चेहरा पडला. मोनिका ताट घेऊन पुढं उभी होती.

"अक्का, तुमी मला बांधून घातलं," तो म्हणाला.

"व्हय, जाणून घातलं," वैनी म्हणाली. "रागवायचं तर जेवून रागवा. हितं ना उंबरा, ना दार. हे लेकीचं घर न्हाय, लक्ष्मीचं रान हाय. तुमची रीत जागच्या जागी हाय. आता आमची तेवढी पाळा."

वीरप्पानं लक्ष्मीकडं बघितलं, रांगेतल्या भुकेल्या माणसांकडं बघितलं, आणि शेवटी लेकीकडं. लेकीकडं बघितल्यावर मात्र त्याचं काही चालेना. पटका काढून बाजूला ठेवला आणि मांडी घातली.

"वाढ, माय."

मोनिकानं ताट ठेवलं. त्यानं उंडा कुस्करला, त्यावर भज्जी घेतली, घास घेतला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं सावकाश चावलं, गिळलं, डोळे पुसले आणि बापाच्या ठेक्यात म्हणाला,

"भज्जीत मीठ कमी पडलंय गं, मोने."

बोलणी खाऊन इतकं खुश झालेलं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. पोरगी रडत हसत मीठ आणायला कोपीत पळाली, आणि आम्ही जेवायला लागलो.