शंकासुराचं शुभवर्तमान

घरात त्यांना सगळे शंकासुर म्हणत. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. ‘लिफ्ट आपोआप थांबली’ असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. “आपोआप काही होत नसतं,” असं म्हणत ते मोटरच्या खोलीत चढत आणि जळकी वायर हातात घेऊनच खाली येत.

त्यांची धाकटी बहीण लग्नानंतर ख्रिस्ती झाली. ते भांडले नाहीत, पण त्या विषयाला दोघांनीही कुलूप घातलं. मग बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. वाचायची मनाई. मेहुणे दिवसभर दुकानात.

“दादा, दुपारी येऊन मला थोडं वाचून दाखवशील?”

“दाखवीन. पण मध्ये मध्ये बोलेन.”

“तू गप्प बसलास तर मलाच काळजी वाटेल.”

बहिणीच्या धर्मग्रंथातल्या चार शुभवर्तमानांपैकी, म्हणजे तिच्या प्रभूच्या चार चरित्रांपैकी, त्यांनी सगळ्यात छोटं निवडलं, म्हणजे लवकर सुटका होईल. खिडकीजवळ खुर्ची ओढून ते वाचत आणि दर पानाला अडत. “लिहिणारा कोण हेच नक्की नाही. शिवाय तीसचाळीस वर्षांनी लिहिलेलं. तोवर लोकांच्या काय लक्षात राहणार?”

“आई आपल्या जन्माच्या गोष्टी तितक्याच वर्षांनी सांगायची. त्या खोट्या का?”

“खोट्या नाहीत. पण तुझ्या जन्माच्या वेळचा पाऊस दरवेळी वाढत गेला.”

बहीण पट्टीखालून हसली.

शेवटच्या प्रकरणात मात्र त्यांना घबाड मिळालं. प्रभूच्या कबरीवर गेलेल्या बायका ती रिकामी बघून घाबरून पळतात, त्यानंतरचा, तो पुन्हा जिवंत दिसल्याचा मजकूर कंसात होता. खाली बारीक टीप : जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही.

“बघ! तुझ्याच पुस्तकात कबुली दिलीय. शेवट मागून जोडलाय.”

बहिणीनं भिंतीकडे कूस वळवली. म्हणाली, “आज पुरे, दादा.”

ते घरी निघाले. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना. मग एक गोष्ट मनात घोळू लागली. ही टीप छापली कुणी? विरोधकांनी नव्हे, मानणाऱ्यांनीच. झाकून ठेवता आली असती, तरी ठेवली नाही. जो मेकॅनिक ‘हा भाग मूळचा नाही, मी बदललाय’ असं सांगतो, त्याच्याच कामावर ते आजवर विश्वास ठेवत आले होते.

पुढचे काही दिवस ते वाचनालयात बसले. मानणारे आणि न मानणारे, दोन्हीकडचे अभ्यासक एकमेकांवर तुटून पडत होते. तरी काही गोष्टींवर बहुतेकांचं एकमत होतं.

मग ते बहिणीकडे गेले. “त्या दिवशी मी फार उड्या मारल्या,” ते म्हणाले. “ऐक. तुझ्या प्रभूला क्रुसावर मारलं, हे मला पटतं. शिष्य पळाले, मुख्य शिष्यानं ओळखसुद्धा नाकारली, हेही पटतं. आपल्याच माणसांची अशी लाज कोण रचून लिहील?”

“आणि कबर?”

“ते मला माहीत नाही. तिथवर चढून बघायला मला जिना सापडत नाही.”

“माहीत नाही?” बहीण उठूनच बसली. “हे तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतेय!”

“डोक्यावर बसू नकोस.”

पट्टी निघाली, तिला स्वच्छ दिसू लागलं. तरी दुपारी दादाची चप्पल दाराशी असेच. मेहुणे एकदा चेष्टेनं म्हणाले, “आता बाप्तिस्म्याची तारीख काढू या का?” शंकासुर नुसते हसले. बाप्तिस्मा घेऊन ते कधीच ख्रिस्ती झाले नाहीत आणि बहिणीनंही तो विषय काढला नाही. पण कुलूप निघालं ते निघालंच.

अशाच एका दुपारी आणखी एक शुभवर्तमान सुरू झालं होतं. दुसऱ्याच प्रकरणात ते थांबले.

“त्याच्या जन्माच्या वेळची ही शिरगणती नेमकी कोणत्या साली झाली म्हणे?”

“वाच पुढे,” बहीण म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.