रबराला विचारून

ग्रीसचा ठिपका अंगठा आणि तर्जनीत धरून तो आधी चोळायचा, मग बोटं आपल्या डोळ्यांसमोर धरायचा आणि म्हणायचा, “लोखंडाला काय पन चालतं मास्तर. रबराला विचारायला लागतं.”

तुळिंजला राहायला गेलो तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी शाळामास्तर. तरी हौसेपोटी एक जुनी गाडी घेतली. इमारतीतली मुलं तिला ‘डबा’ म्हणत आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. त्या डब्यामुळे या गॅरेजवाल्या मिस्त्रीची आणि माझी ओळख झाली. तो मूळचा चांदीपचा, भातशेतीवाल्या घरातला. पत्र्याचं गॅरेज, दारात शेवग्याचं झाड आणि झाडाखाली कायम दोनतीन गाड्या चाकं काढून बसलेल्या.

गॅरेजवाले तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. एकच डबा उघडायचा आणि त्यातलंच ग्रीस बेरिंगपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळीकडे फासायचं. याच्याकडे दोन डबे होते. बेरिंगच्या तपकिरी ग्रीसचा मोठा डबा बाहेर, दाराजवळ. ब्रेकच्या रबरांसाठीचं लाल ग्रीस आत, देवाच्या फोटोखालच्या कपाटात, कुलुपात. दोन्हींचे ब्रश वेगळे, फडकी वेगळी. तपकिरी ग्रीसचा हात लागला असेल तर आधी साबण, मग गरम पाणी, मग पुन्हा साबण, आणि मगच ब्रेकला हात. एवढं सोवळं आमच्या आजोळी पूजेलाही नव्हतं.

एकदा मी घाईत होतो. म्हटलं, “अहो मिस्त्री, ग्रीस ते ग्रीस. लावा कुठलंही.”

खिडकीतल्या दोन बाटल्या आणून त्याने माझ्यापुढे ठेवल्या. दोन्हींत ब्रेकमधल्या रबराची एकेक वाटी होती. चाकाजवळच्या छोट्या सिलिंडरात ही रबरी वाटी असते, ब्रेक दाबला की पुढे सरकते, सोडला की मागे. लाल ग्रीसमधली वाटी होती तशीच होती. तपकिरी ग्रीसमधली भिजवलेल्या वालासारखी टम्म फुगली होती.

“आता ही मागं सरकंल का?” त्याने विचारलं. “ब्रेक सोडला तरी चाक धरूनच बसनार. एकच चाक. गाडी कुठं जाईल?”

“एका बाजूला ओढेल.”

“मग? तुमच्या घाईला विचारू, का रबराला विचारू?”

मी बाकावर बसून राहिलो. असे पुष्कळ लोक त्या बाकावर बसले. काही चिडून दुसरीकडे गेले. त्याला त्याचं काही वाटत नसे. “जाऊ दे,” म्हणायचा, “पन दाबून बघितल्याबिगर मी गाडी देनार नाय.” काम झालं की तो स्वतः गाडी घेऊन रिकाम्या रस्त्यावर जायचा, वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा आणि क्षणभर स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडायचा. गाडी सरळ थांबली तरच किल्ली परत मिळायची. मला ते वेड वाटायचं आणि त्याची मी मनापासून थट्टाही करायचो.

मग एक भाऊबीज आली. मी बहिणीकडे निघालो होतो. तुळिंजचा सगळा बाजार बंद आणि याचं गॅरेज तेवढं उघडं. अंगावर रोजचाच कळकट शर्ट. मी थांबलो आणि म्हटलं, “काय मिस्त्री, बहिणीनं हाकललं की काय?”

नेहमी तो माझ्या थट्टेला सव्वाशेर उत्तर द्यायचा. त्या दिवशी त्याने कपाट उघडलं, लाल ग्रीसच्या डब्यामागून एक काडेपेटी काढली आणि माझ्या हातावर उपडी केली. आत फुगून फाटलेली रबरी वाटी होती.

“दाजींच्या टेंपोची,” तो म्हणाला.

त्याची धाकटी बहीण गिरीज गावात दिलेली. तिचा नवरा वाडीतली केळी आणि भाजी टेंपोतून बाजारात न्यायचा. आमची ओळख होण्याआधी एका दुपारी तो ब्रेक दुरुस्त करून घ्यायला आला. लाल ग्रीस संपलेलं होतं. माल सडेल म्हणून दाजींची घाई. “तेच लाव रे, चालतंय,” असं ते म्हणाले आणि याने तपकिरी ग्रीस लावलं. तीन आठवड्यांनी टेंपो सरळ रस्त्यावर एकाएकी बाजूला ओढला गेला आणि उलटला. दाजी जागच्या जागी गेले. ताबा सुटला, असं सगळे म्हणाले. मोडका टेंपो परत आल्यावर याने चाक उघडलं आणि वाटी पाहिली. ती त्याने काडेपेटीत ठेवली. कुणाला काही सांगितलं नाही.

“ती ताट घेऊन माझ्या आयुष्यासाठी ओवाळनार,” तो म्हणाला, “आन् मी तिचं कपाळ पुसलेला मानूस पाटावर बसनार? मी जातच नाय. साडी पाठवतो कुनाच्या तरी हाती.” मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, “मास्तर, तुम्ही शिकलेले. सांगू का तिला?”

तो खरोखर विचारत होता. आणि मला बहिणीकडे जायला उशीर होत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शहाण्यासारखा म्हणालो, “नका सांगू. झालं गेलं. तिला उगाच त्रास.”

त्याने मान हलवली आणि काडेपेटी परत कपाटात ठेवली. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. पुढे कितीतरी भाऊबिजा त्याचं गॅरेज उघडं राहिलं आणि मी दुसऱ्या रस्त्याने जायला लागलो.

काविळीने तो दोन आठवड्यांत गेला. मी चांदीपला त्याच्या घरी भेटायला गेलो. ओटीवर एक बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नाक, कपाळ, बोलताना मान तिरकी करायची सवय, सगळं त्याचंच. मी ओळखलं.

“तुम्ही मास्तर ना? डब्यावाले?” त्या म्हणाल्या. “वहिनी सांगायची.”

थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्या आपणहून म्हणाल्या, “दादा माझ्यावर माया करायचा. पन मी पांढऱ्या कपाळाची झाले आन् त्यानं ओवाळून घ्यायचं सोडलं. अपशकुन वाटला असंल त्याला. त्याला काय बोल लावायचा, रीतच हाय तशी. भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात ना? मी भाऊ असून चंद्राला ओवाळायची. अकरा वर्सं.”

इतकी वर्षं हा शहाणा माणूस रबराला विचारत बसला आणि बहिणीला काय वाटतंय ते विचारायला गेला नाही! मला त्याचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याला गदागदा हलवला असता. मग मी सगळं सांगितलं. टेंपो, दोन डबे, काडेपेटी. बाई कशी घेतील याची भीती वाटत होती, पण त्यांना स्वतःला अपशकुनी समजू देऊन तिथून उठणं मला शक्य नव्हतं.

त्यांनी अंगणाकडे तोंड फिरवलं. डोळ्यांतलं पाणीही पुसलं नाही.

“मग आला का नाय?” त्या म्हणाल्या. “शिव्या दिल्या असत्या मी. वरीसभर बोलले नसते. दोन वर्सं बोलले नसते. मग ओवाळला असता. भाऊ होता ना माझा.”

नंतर त्यांनी हळूच विचारलं, “कुनालाच कसं नाय विचारलं त्यानं, सांगू का म्हनून?”

मी खाली बघितलं. माझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. “नाही,” मी म्हणालो, “एकटाच सोसत राहिला.”

निरोप घेऊन मी गाडीत बसलो. वळणावर रस्त्यात गुरं आडवी आली आणि मी ब्रेक दाबला. स्टिअरिंग मी नीट धरलंही नव्हतं. गाडी जराही बाजूला न ओढता सरळ थांबली.