लिंबं कापणाऱ्या

ट्वायला प्रुइटनं एकदा दात धरला की तो जन्मभर. तिचा टायरवाला नवरा म्हणायचा, "हिला राग येत नाही, हिच्याकडे राग मुक्कामाला येतो."

ती दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायची, आणि उरलेला वेळ अलाबामातल्या त्या विद्यापीठाच्या गावात पांढऱ्या खांबांच्या एका घराला द्यायची. ते घर तिच्या कॉलेजातल्या भगिनी-मंडळाचं; मंडळात निवडून घेतलेल्या मुली तिथं एकत्र राहतात. पदवी मिळाली की बहुतेकजणी फुटबॉलच्या सामन्यापुरत्या उगवतात. ट्वायला तेहतीस वर्षं दर मंगळवारी गेली. गळकं छप्पर तिनं बदलून घेतलं, प्रेमभंग झालेल्या पोरींना सूप पाजलं. लोक म्हणत, काय माया आहे हिची या घरावर! माया होतीच. पण तिच्याखाली दुसरंही काहीतरी मुरत होतं.

ऑगस्टात निवडीचा आठवडा असतो. कुठल्या मंडळात जायचं ते ठरवायला नव्या मुली अशी घरं बघत फिरतात, आणि दारात टाळ्या वाजवत गाणाऱ्या मुली म्हणजे घराचा चेहरा. ज्यांचा घेर त्या चेहऱ्यात बसत नाही, त्या स्वयंपाकघरात सरबत भरतात. असं कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. एकोणिसाव्या वर्षी ट्वायला आईनं शिवलेला पिवळा झगा घालून दारात उभी राहिली, तेव्हा निवडप्रमुख कॅमिलनं तिच्या कमरेला हात घालून तिला आत नेलं होतं. "राणी, तुझ्यासारखी लिंबं कुणालाच कापता येत नाहीत." तीन वर्षं ट्वायलानं लिंबं कापली आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या गोल काचेतून बाकीच्यांना गाताना पाहिलं. आईनं फोटो मागितला तेव्हा कॅमेरा बिघडला म्हणून सांगितलं.

यंदा कॅमिलची मुलगी हॅडली त्याच घरात होती. अंगानं भरलेली, गळ्यानं गोड. आणि कुणी कुठं उभं राहायचं ती यादी आता ट्वायलाच्या सहीशिवाय लागत नव्हती. हॅडलीचं नाव तिनं स्वयंपाकघराखाली लिहिलं, पेन्सिलीनं, सावकाश. पोरीचा काही दोष नव्हता हे तिला कळत होतं. तरी लिहिलं.

आदल्या दुपारी कॅमिल केळ्याचं पुडिंग घेऊन आली.

"ट्वायला, एक मागू? हॅडलीला उद्या आत ठेवशील? सरबतावर."

"आत?"

"अगं, नाताळपासून नुसती सुटलीये. सगळ्या गावानं बघायचं, मलाच कसंतरी होतं. मी म्हटलं म्हणून सांगू नकोस हं तिला."

"मीही सरबतावर होते. तीन वर्षं."

"हो का? मला बाई आठवतच नाही. पण बघ ना, काय बिघडलं तुझं?"

ट्वायलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं जपलेला सूड ही बाई उपकार म्हणून मागायला आली होती, तोही पोटच्या पोरीवर.

"काळजी करू नकोस," ट्वायला म्हणाली. "उद्या तूही ये मदतीला. जुन्या मुली लागतातच."

कॅमिलची गाडी वळली आणि ट्वायलानं खोडरबर शोधलं.

सकाळी हॅडली पायऱ्यांवर, पहिल्या ओळीत मधोमध.

"मिस ट्वायला, माझं नाव चुकून तर नाही ना पडलं?"

"माझ्या हातून चुका होत नाहीत, बाळ. खांदे मागे घे आणि गा."

कॅमिल मोत्यांची माळ घालून मागच्या दारानं आली. ट्वायलानं तिच्या हातात एप्रन आणि सुरी दिली.

"मी अंगणात थांबते ना, आपल्या मैत्रिणींबरोबर."

"राणी, तुझ्यासारखी लिंबं कुणालाच कापता येत नाहीत."

कॅमिल हसली. मग गोल काचेपाशी गेली आणि तिचं हसू मावळलं. बाहेर हॅडली खड्या आवाजात गात होती, आणि नव्या पोरी तिच्याकडेच वळत होत्या.

"ती दारात काय करतेय? सगळे बघतायत तिला."

"बघू देत. घराचा चेहरा आहे ती. तू काप."

स्वयंपाकघरात पन्नास पोरींची ये-जा चालू होती, त्यांच्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती. कॅमिलनं मुकाट्यानं एक लिंबू उभं चिरलं. ट्वायलानं त्या फोडी उचलून बाजूला टाकल्या.

"आडवं काप," ती म्हणाली. "येईल तुला. तीन वर्षं लागतात."