भस्म्या

"इले भस्म्या झाला, डॉक्टरीणबाई. आमचं घर खाऊन टाकन हे."

गिरजाबाईंनी सुनेला, सुमित्राला, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं आणि एका दमात सांगून टाकलं. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी साताऱ्याकडची. भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात माझं पहिलंच पोस्टिंग.

आमच्याकडे भस्म्या म्हणजे जवळजवळ शिवीच. पंगतीत चौथ्यांदा जिलबी मागणाऱ्याला "भस्म्या झालाय का रे?" म्हणायचे. शेजाऱ्याचा बांध दरसाल थोडा थोडा पोखरणाऱ्यालाही म्हणायचे, की याला जमिनीचा भस्म्या झालाय. न भागणारी हाव, एवढाच अर्थ मला ठाऊक. त्यामुळे कळेना, या बाईंना औषध हवंय की निवाडा?

"खाते तरी किती?"

"सकारी चुलीवरचा गंज भरून भात. दुपारी मानसाइसाठी ठेवला तोही साफ. लपून खाते, बाई! इच्या बापाले सांगावा धाडला, येऊन घेऊन जा म्हनून."

सुमित्रा नाकापर्यंत पदर ओढून बसली होती. मी काही विचारलं की उत्तर सासूकडून यायचं. पदराखालून दिसणारी मनगटं मात्र काटक्यांसारखी होती.

जंत असतील म्हणून औषध दिलं. मधुमेह असेल म्हणून लघवी तपासली. निळ्या द्रावणात थोडी लघवी घालून उकळायची, साखर असली की रंग विटकरी होतो. रंग निळाच राहिला. खोकला नाही, ताप नाही. पुढच्या आठवड्यात तिचं वजन आणखी उतरलं. मी पुरती गोंधळले.

भंडाऱ्याच्या मीटिंगमध्ये जिल्हा रुग्णालयातल्या आमच्या वरिष्ठ सरांना केस सांगितली.

"डायग्नोसिस काय लिहिलंस?"

"काहीच नाही, सर. घरचे म्हणतात भस्म्या."

शेजारचे डॉक्टर हसले. "भस्मासुरावरून आला असेल शब्द. हात ठेवेल त्याची राख."

"नाही हो," सर म्हणाले, "वैद्यकातला जुना शब्द आहे, भस्मक. पोटातला अग्नी इतका भडकतो की खाल्लेल्याचं भस्म होतं, अंगी काही लागत नाही. लोकांनी पुढे तो हावरटांना चिकटवला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वजन उतरतंय म्हणतेस ना? मग ती हावरट कशी?"



परत आल्यावर सुमित्राला बोलावलं आणि गिरजाबाईंना बाहेर बसवलं. पौषातली थंडी होती. ओपीडीत सगळे घोंगड्या पांघरून आलेले. सुमित्राच्या कपाळावर घाम.

"पदर काढ. इथे कोणी नाही."

तिने पदर मागे टाकला. डोळे मोठे, थोडे बाहेर आल्यासारखे. गळ्यावर समोर हलकीशी सूज, काळ्या पोतीखाली लपलेली. नाडी धावत होती. तिला हात पुढे करायला सांगितले आणि बोटांवर साधा कागद ठेवला. तो पानासारखा थरथरू लागला.

"मले लाज वाटते, बाई," ती म्हणाली. "पन पोटात जाळ पेटते. खाल्लं का विझते, मंग पुन्हा पेटते."

गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. शरीराने किती वेगाने चालायचं ते ती ठरवते. ती बेफाम झाली की पूर्ण चावी उघडलेल्या स्टोव्हसारखं होतं. खाल्लेलं जळून जातं आणि माणूस वाळतो. औषध मिळालं नाही, तर हृदय थकतं.

तिचा नवरा देवराम आणि गिरजाबाई, दोघांना आत बोलावून समजावलं. ही हाव नाही, आजार आहे. नागपूरला न्यावं लागेल.

गिरजाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मंग मी काय म्हनलं होतं तुमाले? भस्म्या झाला म्हनूनच तर आनलं."

"आजार म्हणून माहीत होतं, तर माहेरी का पाठवत होता?"

"बिमार सून कोन ठेवते, बाई?"

त्यांनी शिवी दिली होती की आजार सांगितला होता, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. बहुधा त्यांच्या लेखी दोन्ही एकच होतं.

देवराम उठला. "उद्याच्या गाडीनं नेतो. तिच्या बापाले मी सांगतो, येऊ नको म्हनून."

नागपूरला तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. उन्हाळा सरता सरता सुमित्रा अंगाने भरली. कागद तिच्या बोटांवर स्थिर राहू लागला. ती माहेरी गेली नाही.

पुढे एकदा ओपीडीत गिरजाबाई एकट्याच आल्या.

"बाई, आता थे जेवतच नाही पोटभर. भूक लागाचं औषध द्या."

मी सुमित्राचं वजन पाहिलं होतं, ते उत्तम होतं. औषध दिलं नाही. थायरॉइड गोळ्यांनी ताळ्यावर येतो. सुनेची भूक सासूच्या मापात बसवणारी गोळी मात्र आमच्या स्टोअरमध्ये कधीच आली नाही.