कौसाबाईची पुस्तकं

डोक्यावरून विटा वाहणारी कौसाबाई मी रोज पाहायचे. पुस्तकं नेताना मात्र तिला एकदाच पाहिलं. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. शाळा सुरू झाली त्या दिवशी ती लेकीचं, तुळसाचं, नाव शाळेतून काढायला आली.

"बाई, चौथीपर्यंत तुम्ही दिलीत पुस्तकं. आता मोठ्या वर्गाची विकत घेणं आम्हाला कुठून झेपायचं?"

मी पाचवीचा संच तुळसाच्या हातात ठेवला. तिनं वरचं पुस्तक उघडून नाकाला लावलं. कौसाबाई मात्र एक पाऊल मागे सरली.

"हीपण फुकट? म्हणजे पुन्हा कुणाचे उपकार?"

"कुणाचेच नाहीत. आठवीपर्यंत सगळ्याच पोरांना मिळतात. हक्काची आहेत."

फुकट मिळालेली वस्तू माणूस खाली मान घालून, पदराआड लपवून नेतो. हक्काचं ओझं न्यायला मान ताठच लागते. एवढ्या एका शब्दानं माणसाची चाल बदलते, हे मला त्या दिवशी दिसलं. कौसाबाईनं चुंबळ केली, संच डोक्यावर घेतला आणि जवळची पायवाट सोडून भर बाजारातून निघाली. पुढे तुळसा जवळजवळ नाचतच होती.

पाराजवळ कुणीतरी हटकलं, "काय गं कौसा, आज काय नेतेस डोक्यावरून?"

अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पाचवी नेतेय, पाचवी!"